जॅकखालचा पाट

दिवाळी झाली की माझ्या फोनवर एक ठरावीक मेसेज यायला लागतो. "छोट्या रणात जायचंय, गाडीत काय काय घ्यायचं त्याची तुझी यादी पाठव ना." पाठवणारे बहुतेक आपल्याच मंडळातले, माझ्या वयाचे किंवा थोडे लहान. सॉफ्टवेअरवाला म्हणजे याच्याकडे एक्सेल शीट असणारच अशी लोकांची खात्री असते, आणि ती चुकीची नाही. पण ती शीट मी हल्ली कुणाला पाठवत नाही. का, ते आज सांगतो.

कच्छचं छोटं रण आपल्या बडोद्यापासून तसं जवळ. अहमदाबाद, विरमगाम करत पाटडीपर्यंत दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. सकाळी लवकर निघालं तर जेवायला तिथे. पावसाळ्यात हा सगळा भाग पाण्याखाली असतो, आणि पाणी ओसरलं की साधारण ऑक्टोबरपासून वाळत जातो. जवळजवळ पाच हजार चौरस किलोमीटरचं घुडखर अभयारण्य इथलंच. वनखात्याचा परवाना काढायचा, स्थानिक वाटाड्या घ्यायचा आणि आत शिरायचं. डोंगर नाही, घाट नाही, सगळं सपाट. त्यामुळे नवशिक्याला वाटतं, इथे गाडीला होऊन होऊन काय होणार?

मलाही तसंच वाटलं होतं, तरी तयारी मात्र मी जोरदार केली होती. दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. मी, बायको, सहा वर्षांची लेक आणि बाबा. माझी जुनी डिझेल फोर-व्हील-ड्राइव्ह घेऊन पहिल्यांदाच डांबर सोडून आत जाणार होतो. शीटमध्ये एक्केचाळीस नग होते. जादा फॅन बेल्ट, रेडिएटरचा होज, दोन रिले, प्रत्येक अँपिअरचे फ्यूज, हेडलाइटचे बल्ब, पाच लिटर कूलंट, ब्रेक ऑइल, सॉकेटचा भला मोठा सेट, ओबीडी स्कॅनर. डिकी अशी भरली होती की बघणाऱ्याला वाटावं, आम्ही गॅरेज टाकायला निघालोय.

निघायच्या आदल्या रात्री बाबांनी त्या डिकीत आजीच्या वेळचा सागवानी पाट आणून ठेवला. दांडिया बाजारातल्या जुन्या घरातून जे मोजकं सामान आमच्या फ्लॅटमध्ये आलं, त्यातला. म्हणाले, "जॅकखाली लागेल." मी हो म्हणालो आणि ते झोपल्यावर पाट काढून परत देवघराखाली ठेवून दिला. कूलंटच्या कॅनला जागा हवी होती ना!

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला एका बेटाच्या कडेने जाताना मागचा डावा टायर बसला. रणातल्या उंचवट्यांना बेट म्हणतात. पावसाळ्यात ती खरोखरच बेटं होतात. त्यांच्या कडेला वेड्या बाभळीचं रान माजलेलं असतं, आपले गुजराती शेजारी जिला गांडो बावळ म्हणतात ती. तिचा काटा टायरच्या बाजूच्या भिंतीत घुसला होता. माझ्याकडे पंक्चरचा किट होता, पण ती रबराची वात टायरच्या तळव्याला चालते. बाजूची भिंत गाडी चालताना सतत वाकत असते, तिथे वातीचा भरवसा नाही. म्हणजे चाकच बदलायचं.

जॅक लावला, दांडा फिरवायला लागलो. गाडी वर यायच्या ऐवजी जॅक खाली जायला लागला.

रणाची जमीन वरून भाजलेल्या पापडासारखी दिसते, आणि असतेही तशीच. वर कडक पापुद्रा, खाली ओला गाळ. कंपनीच्या जॅकचा तळ तळहाताएवढा. सगळं वजन तेवढ्या जागेवर आलं की पापुद्रा फुटतो. जागा बदलून तीनदा प्रयत्न केला, तीन खड्डे झाले. रबरी मॅट घालून पाहिली, ती दुमडून खड्ड्यात गेली. वाटाड्या मोटारसायकलवर होता. तो म्हणाला, "साहेब, फळी नथी?" बाबा जवळच उभे होते. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

थोड्या वेळाने बायकोने हाक मारली. बाबा गाडीत बसले होते, कपाळावर घाम, डिसेंबरच्या थंडीत. हात थरथरत होते आणि काही विचारलं तर तोडून बोलत होते, जे त्यांच्या स्वभावात नाही. त्यांना मधुमेह आहे. गोळी वेळेवर घेतली होती, पण रणात शिरायच्या घाईत दुपारचं जेवण अर्धवट झालं होतं. साखर उतरली होती. मी डिकीकडे धावलो आणि एक्केचाळीस नगांसमोर उभा राहिलो. गाडीच्या प्रत्येक फ्यूजला जोड होता. बाबांसाठी साखरेची पुडी नव्हती. खायची पिशवी आम्ही 'लगेच तर परत येतोय' म्हणून मुक्कामाच्या खोलीवर ठेवली होती.

लेकीच्या दप्तरात आंब्याच्या रसाचा एक छोटा खोका निघाला. तिने तो घुडखर दिसल्यावर प्यायचा म्हणून राखून ठेवला होता. तो बाबांना दिला. दहा-पंधरा मिनिटांनी थरथर थांबली आणि ते पहिल्यासारखं बोलायला लागले. वाटाड्याच्या डब्यात बाजरीचा रोटला होता, तो त्याने न विचारता पुढे केला. ती पंधरा मिनिटं मी कशी काढली ते लिहीत नाही.

मग वाटाड्या मोटारसायकल घेऊन मिठागराकडे गेला. अगरिया कुटुंबं पावसाळा संपला की रणात येऊन झोपड्या घालतात आणि उन्हाळा सरेपर्यंत तिथेच राहून मीठ पिकवतात. त्यातले एक काका मोटारसायकलच्या मागे बसून, मांडीवर आडवी फळी धरून आले. फळी खाली, जॅक वर, वीस मिनिटांत चाक बदललं. लावल्यावर कळलं की स्टेपनीत जेमतेम चौदा पीएसआय हवा आहे. ती गाडीच्या पोटाखाली टांगलेली असते, वर्षभर मी बघितलीच नव्हती. निदान कॉम्प्रेसर तरी होता, आणि तो चालवता येत होता. निघालो तेव्हा पूर्ण अंधार पडला होता. काकांनी पैसे घेतले नाहीत, चहाला थांबा म्हणाले.

ऑफिसात आम्ही एक गोष्ट नव्या पोरांच्या डोक्यात पहिल्या आठवड्यात घालतो. बॅकअप घेतला म्हणजे बॅकअप आहे असं नाही. तो परत चढवून बघितला असेल तरच आहे. हेच शिकवून पगार घेणारा मी, स्टेपनीची हवा न बघता आणि जॅक एकदाही न लावता रणात गेलो होतो. तो फॅन बेल्ट तर विचारूच नका. बदलताना त्याचा टेन्शनर सैल कसा करायचा हे मी फक्त एका व्हिडिओत पाहिलं होतं. त्याला लागणारा लांब पाना माझ्याकडे नव्हताच.

बाबांची पद्धत वेगळी होती. त्यांच्या फियाटमध्ये, म्हणजे प्रीमियर पद्मिनीत, सीटखाली पत्र्याची पेटी असायची. तीत फॅन बेल्ट, एक कंडेन्सर, पॉइंटचा जोड, दोन प्लग, प्लगचा पाना, पॉलिश पेपरचा तुकडा, पक्कड, बांधायची तार आणि डिसमिस. (स्क्रू ड्रायव्हरला डिसमिस म्हणणारी आपली शेवटची पिढी असावी, पुण्याच्या मावसभावाला अजून कळत नाही.) एवढंच. पण त्यातली एकूण एक वस्तू त्यांनी कधी ना कधी रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून लावलेली होती. गाडी अडखळायला लागली की पॉइंट काढायचे, पॉलिश पेपरने घासायचे, परत लावायचे. माझ्या गाडीत घासण्यासारखं काही उरलेलं नाही. सेन्सर बिघडला तर स्कॅनर मला फक्त त्याचं नाव सांगेल. म्हणून नव्या गाडीत सुट्या भागांची यादी आपोआप लहान होते. ती लांबवायचा हट्ट मी सोडला.

आता माझ्या डिकीत निम्मं सामान हवेचं आणि चिखलाचं असतं. रणात, वाळूत गाड्या इंजिनामुळे कमी आणि टायरमुळे जास्त अडतात. भुसभुशीत जमिनीवर मी हवा तेहतीसवरून वीसच्या आसपास आणतो. टायर पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि पापुद्रा तग धरतो. जॅकखाली पाट ठेवण्याचं तत्त्वही तेच, विचार केला तर. पण त्याहून फार खाली नेऊ नये, वळताना टायर रिमवरून निसटू शकतो. आणि डांबरावर चढायच्या आधी हवा परत भरायचीच. कमी हवेत हायवेच्या वेगाने गेलं की टायर तापतो आणि फुटतो. म्हणून चांगला मीटर आणि बारा व्होल्टचा दणकट कॉम्प्रेसर, थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारा. लायटरच्या सॉकेटवर मोठा कॉम्प्रेसर लावला तर फ्यूज जातो. हे घरीच, सोसायटीच्या पार्किंगमध्ये कळलं ते बरं झालं.

दुसरी गोष्ट ओढायचा पट्टा. इथे जरा थांबून वाचा, कारण इथे माणसं मरतात. साधा टो पट्टा ताणत नाही, तो हळूहळू ओढायला. रुतलेल्या गाडीला झटका देऊन काढायचा पट्टा वेगळा, तो रबरासारखा ताणतो आणि त्या ताणात प्रचंड जोर साठतो. असा पट्टा कधीही मागच्या ट्रॉलीच्या गोळ्याला अडकवायचा नाही. गोळा तुटला तर तो तोफेच्या गोळ्यासारखा येतो. वजनाचा आकडा कोरलेली शॅकल घ्यायची, ती चासीच्या पक्क्या हुकाला लावायची, पट्ट्यावर ओलं पोतं किंवा ब्लँकेट टाकायचं आणि बाकीच्यांनी पट्ट्याच्या लांबीपेक्षा जास्त दूर उभं राहायचं. बंपरमध्ये फिरवून बसवायचं जे कडं गाडीबरोबर मिळतं, ते सावकाश ओढण्यापुरतं असतं, झटक्यासाठी नाही. काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, तेही घरीच बघून ठेवा. रणात अंधारात चुकीच्या दिशेने फिरवत बसणं म्हणजे काय ते मी पाहिलंय. आणि सगळ्यात आधी फावडं. निम्म्या वेळा फावडं आणि कमी केलेली हवा यावरच काम भागतं, पट्टा काढावाच लागत नाही.

सुट्या भागांपैकी उरलं काय? फ्यूज, दोन व्हील नट, थोडं कूलंट, होजवर गुंडाळायची स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप, एमसील, बांधायची तार, प्लास्टिकचे टाय, हातमोजे, डोक्याला लावायचा टॉर्च आणि किल्लीच्या रिमोटचा गोल सेल. शेवटची वस्तू ऐकून लोक हसतात. हसू दे. कॅनमध्ये डिझेल मी नेत नाही. रणासाठी पाटडीला टाकी फुल केली की पुरते, आणि बंद गाडीत लेक बसलेली असताना तो वास मला नको. आग विझवायचं सिलिंडर मात्र असतं, तेही ड्रायव्हरच्या सीटजवळ. डिकीत सामानाखाली गाडलेलं सिलिंडर काय कामाचं?

जड सामान खाली, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून, पट्ट्याने आवळून. सुटा जॅक करकचून ब्रेक लागल्यावर पुढे कुणाच्या डोक्यात येईल याचा विचार केला की आवळायचा कंटाळा येत नाही.

आणि एक निळी पिशवी, जी डिकीत जात नाही. ती बायकोच्या पायाशी असते. बाबांच्या गोळ्या, ग्लुकोजची पावडर, रसाचे चार खोके, थेपले, लीलो चिवडा, बाबांचा जादा चष्मा, लेकीचा स्वेटर, कागदावर लिहिलेले फोन नंबर. पाणी माणशी चार लिटर आणि वर दहा लिटरचा एक कॅन. ही पिशवी बायको भरते आणि निघताना बाबा तपासतात. मला त्यात हात घालायची परवानगी नाही.

परत आल्यावर गाडी खालून भरपूर पाण्याने धुवा, दुसऱ्याच दिवशी. रणाची माती म्हणजे मीठच. ते चासीला आणि वायरींच्या जोडांना खातं. जॅक, शॅकल, नट सगळं धुऊन, वाळवून, तेलाचा हात फिरवून ठेवा.

पाट मात्र मी तेवढा वाळवून डिकीतच ठेवला होता. यंदा भाऊबीजेला ताई आली. ओवाळायची वेळ झाली आणि आईला घरभर पाट सापडेना. शेवटी बाबा खाली पार्किंगमध्ये जाऊन तो घेऊन आले. मधोमध जॅकच्या तळाची चौकोनी खोच पडली आहे. आईने ती दोनदा पुसून पाहिली, मग त्याच्यावरच रांगोळीचं बोट ओढलं आणि मला म्हणाली, "बस."