घरची आहे, म्हणून चालते?



आज जरा रागातच लिहायला बसले आहे. कुणाला टोचले तर फोन करा, दुपारी दोननंतर मी मोकळी असते.

फेब्रुवारीत आमच्या सांगलीकडे द्राक्षांचा हंगाम जोरात असतो. तासगावच्या बाजूने पेट्या येतात आणि घरोघरी वाटल्या जातात. अशाच एका दुपारी आमच्या स्वाध्यायाला येणारी एक मैत्रीण बाटली घेऊन आली. काळ्या द्राक्षांचा गडद रंग, बुचाला लाल रिबीन. म्हणाली, "वहिनी, घरी केलीय. द्राक्षाचं सरबतच समजा."

मी बूच काढून वास घेतला. "अगं, ही वाइन आहे."

"अहो, पण घरची आहे! विकतची थोडीच आणलीय? द्राक्षं आमच्या दिरांच्या बागेतली, साखर आपली, बरणी आपली. दारू म्हणजे ती दुकानातली."

कृती कुठून मिळाली विचारले, तर म्हणाली मोबाइलवर. सेलमध्ये पाककृतींच्या 25 ई-पुस्तकांचा संच घेतला होता. मूळ किंमत 1,999, सवलतीत 99. त्यातले एक पुस्तक घरगुती वाइनचे निघाले. बाकीच्या 24 पुस्तकांतले काय काय करून पाहिले म्हटल्यावर ती हसली. ती उघडलीच नव्हती.

मला बाटलीपेक्षा "घरची आहे" या शब्दांचा राग आला. लोणचे घरचे, पापड घरचे, मसाला घरचा, हे आपण अभिमानाने सांगतो, कारण त्यात काय घातले ते आपल्याला माहीत असते. इथे काय तयार झाले ते तिला कुठे माहीत होते? मी बी.कॉम. आहे, हिशेब केल्याशिवाय मला चैन पडत नाही. कृतीत होते एक किलो द्राक्षे, अर्धा किलो साखर, दीड लिटर पाणी, मूठभर गहू, दालचिनी आणि यीस्ट. 21 दिवस मुरवायचे. यीस्ट साखर खाते आणि तिचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करते. साखरेच्या वजनाच्या साधारण निम्मे अल्कोहोल होते. म्हणजे अर्धा किलो साखरेतून पाव किलोच्या आसपास, द्राक्षातली साखर वेगळीच. अडीच लिटरात हे वाटा. बिअरमध्ये साधारण 5 टक्के असते, हे त्याच्या दुपटीच्या वर जाते. आणि याला आपण सरबत म्हणून नातवंडांच्या हाताशी ठेवणार? शिवाय आंबणे पुरते थांबण्याआधी बूच घट्ट बसवले तर आतल्या वायूने बाटली फुटते, ते वेगळेच.

आपल्या पाठशाळेत लहानपणी अष्टमूलगुण पाठ करून घेतले. मद्य, मांस, मधु. मद्य सगळ्यात आधी. अमृतचंद्राचार्यांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात मद्याच्या त्यागाची दोन कारणे दिली आहेत. एक, मद्याने मन मोहित होते, माणूस धर्म विसरतो आणि न कचरता हिंसा करतो. दुसरे, मद्य हे रसात उपजणाऱ्या असंख्य जीवांचे जन्मस्थान आहे. सूक्ष्मदर्शकाच्या कितीतरी शतके आधी हे लिहिलेले आहे. आज विज्ञान सांगते की आंबत असलेल्या रसाच्या एका थेंबात यीस्टच्या लाखो पेशी असू शकतात. त्या पेशींना द्राक्षे कुणाच्या बागेतली, याने काय फरक पडतो?

मैत्रीण हुशार आहे. म्हणाली, "वहिनी, मग ब्रेडमध्ये यीस्ट नसतं का? परवा तुमच्याकडेच सँडविच खाल्लं." खरे सांगते, मी गप्प बसले. मी चातुर्मासात ब्रेड बंद ठेवते, एरवी खाते. दुसरे कारण ब्रेडलाही लागू पडते, हे मला मान्य करावे लागले. पहिले पडत नाही, ब्रेड खाऊन कुणाची मती गेल्याचे मी ऐकलेले नाही. पण माझ्या उणिवेमुळे तिची बाटली शुद्ध कशी होते, ते मला अजून कळलेले नाही. माझ्या वहीतली चूक दाखवली म्हणून तिचा ताळेबंद जुळत नाही.

आणि कायदा? महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते कारखान्यात करा की स्वयंपाकघरात. 2022 च्या जानेवारीत सरकारने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचे ठरवले, तेव्हा आपल्या गटात केवढी चर्चा झाली होती! निषेधाच्या पत्रावर हिचीही सही होती. दुकानातली नको म्हणून सही केली आणि बरणीत स्वतःच घातली.

आता ते 99 रुपये. सेलमध्ये "1,900 रुपये वाचले" असे ती तीनदा म्हणाली. मला सांगा, हे 1,900 कोणत्या खात्यात जमा झाले? वहीत 99 नावे पडलेले दिसतात, जमेला काहीच दिसत नाही. 1,999 ला तो संच कुणी कधी घेतला होता का, तेही कुणाला ठाऊक नाही. छापील कमाल किंमत बहुतेक वस्तूंवर उत्पादक स्वतःच ठरवतो. तिच्यापेक्षा जास्त घेतले तर गुन्हा, पण मुळात ती फुगवून छापली तर अडवणारे सहसा कुणी नाही. मग खोडलेल्या आकड्यावर आपण का भुलायचे? 50 टक्के आणि वर 20 टक्के म्हणजे 70 नव्हे, 60. दोनवर एक फुकट म्हणजे 33 टक्के, तेही तीन हव्या असतील तरच. मीही काही शहाणी नाही. 380 रुपयांची खरेदी होती, 499 ला घरपोच फुकट होते. 40 रुपये वाचवायला मी 130 रुपयांच्या केसांच्या पिना घेतल्या. केस उरलेत किती, ते विचारू नका.

यावर मला आपले परिग्रह परिमाण व्रतच खरे वाटते. त्यात मोजणी नगांची असते. मी साड्यांचे परिमाण 60 घेतले आहे. अर्ध्या किमतीत आणली तरी साडी एकच मोजायची. सेल रुपयांत बोलतो, आपण नगांत बोलावे. मग दुकानदाराचे काही चालत नाही.

त्या न उघडलेल्या 24 पुस्तकांवरून मात्र मला माझेच आठवले, आणि तिथे मी तिच्यापेक्षा जास्त चुकले आहे.

घराचे काम काढले तेव्हा पुस्तकांचे कपाट काढून टाकले. "सगळं मोबाइलमध्ये मिळतं," असे मीच सगळ्यांना ठासून सांगितले. शास्त्रे मंदिरात दिली, बाकीची रद्दीत. 14 किलो, 12 रुपयांप्रमाणे 168 रुपये. त्यात खाकी कव्हर घातलेला सासूबाईंचा रत्नकरंड श्रावकाचार गेला. जुनी वही समजून मीच गठ्ठ्यात बांधला. महिन्याने लक्षात आले, तोवर गठ्ठा पुढे गेला होता.

बाटलीच्या दिवशी मी मूलगुणांचा श्लोक मोबाइलवर शोधला. मिनिटात मिळाला, अर्थासकट. पण सासूबाईंनी त्या पानाच्या कडेला पेन्सिलीने चार ओळी लिहिल्या होत्या. काय होत्या, ते मला आठवत नाही. त्यांनी व्रत घेतले ती तारीखही तिथेच होती. ते कोणत्याही पीडीएफमध्ये नाही.

ई-पुस्तकाला मी नावे ठेवणार नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी मी टॅबवर अक्षरे मोठी करूनच वाचत होते. पण विकत घेतले असे आपण म्हणतो, ते बहुतेक वेळा वाचण्याची परवानगी घेतलेली असते. 2009 मध्ये ॲमेझॉनने ऑरवेलची पुस्तके ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली होती. पैसे परत दिले, पण पुस्तक गेलेच. शेजारणीला द्यायचे, सुनेला ठेवायचे, मंदिराच्या कपाटात लावायचे, यातले काय जमते त्याने? दिगंबर मुनींजवळ पिंछी, कमंडलू आणि शास्त्र असते. शास्त्रदान करताना त्यांच्या हातात काय, टॅब देणार? आणि मोबाइल आपण कुठे कुठे नेतो ते लिहीत नाही. चौरंगावर मांडलेले शास्त्र कुणी तिथे नेत नाही. एवढेच आहे की सरकारनेही फरक केला आहे. छापील पुस्तकाला जीएसटी नाही, ई-पुस्तकावर 18 होता, 2018 मध्ये छापील आवृत्ती असलेल्यांवर 5 टक्के केला.

बाटली मी ओतून दिली नाही. मोरीत ओतायची तर त्यातल्या जीवांचे काय, या विचाराने हात थांबला. परत पाठवली, आणि पिशवी रिकामी जाऊ नये म्हणून बरोबर बेदाणे दिले. तेव्हापासून दोन रविवार ती आली नाही. या रविवारी चार वाजता स्वाध्याय आमच्याकडे आहे, निरोप तिलाही दिला आहे. पुस्तक शक्यतो छापील आणा. चष्म्याचा नंबर वाढला असेल त्यांनी टॅब आणला तरी चालेल.