पत्ता आपला, किल्ली कोणाकडे?

घर भाड्याने घेताना जागा कोणाच्या मालकीची आणि करार कोणाच्या नावावर, याची आपण दहा वेळा चौकशी करतो. मात्र एखादे वाचक मंडळ वा माजी विद्यार्थी संघ इंटरनेटवर आपले स्थान निर्माण करू लागला की हा विवेक लोप पावतो. आकर्षक आणि स्वस्त नाव घेतले जाते, हाताशी असलेल्या सर्व्हरवर सभासदांची माहिती सोपवली जाते.

वास्तविक डोमेन नाव विकत मिळत नाही. ते ठरावीक मुदतीसाठी वापरायला मिळते. त्याच्या शेवटच्या अक्षरांवर कोणाची सत्ता चालते, यावर त्याचे आयुष्य अवलंबून असते. युगोस्लाव्हिया नकाशावरून पुसला गेला आणि २०१० साली ‘.वाययू’ कायमचे बंद झाले. ब्रिटन युरोपीय संघाबाहेर पडल्यावर २०२१ च्या प्रारंभी तेथील नोंदणीधारकांची ‘.ईयू’ नावे निलंबित झाली. ‘.कॉम’ सर्वमान्य खरे. पण त्याची नोंदवही अमेरिकी कंपनीच्या हाती आहे. स्पेनच्या न्यायालयांनी निर्दोष ठरवलेल्या ‘रोहादिरेक्टा’ची नावे अमेरिकेने २०११ साली जप्त केली आणि २०१२ मध्ये परत केली. मधल्या काळात दाद मागायची ती अमेरिकी न्यायालयातच!

आपल्याकडे ‘.इन’ २००५ पासून सर्वांना खुले आहे आणि देवनागरीतील ‘.भारत’ २०१४ पासून उपलब्ध आहे. देवनागरी नाव अवश्य घ्यावे; परंतु ऱ्हस्व-दीर्घाच्या एका चुकीने वाचक भलतीकडे जातो, आणि अनेक संगणकप्रणाली असे पत्ते अजूनही स्वीकारत नाहीत. म्हणून जोडीला ‘.इन’ ठेवणेच शहाणपणाचे.

सर्व्हरचा प्रश्न याहून गहन आहे. तो मुंबईत असला की सेवा जलद मिळते, हे उघडच आहे. पण यंत्र भारतात असले म्हणजे माहितीही भारतीय कायद्याच्याच कक्षेत राहिली, हा भ्रम होय. अमेरिकेच्या २०१८ च्या ‘क्लाउड’ कायद्यानुसार तेथील कंपनीकडून तिच्या ताब्यातील माहिती जगात कोठेही साठवलेली असली तरी मागवता येते. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर, गुजरातेत वाडीनारला तेलशुद्धीकरण करणाऱ्या नायरा एनर्जीच्या मायक्रोसॉफ्ट सेवा एकाएकी खंडित झाल्या. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर त्या पूर्ववत झाल्या. एवढ्या मोठ्या उद्योगाची ही गत, तर वर्गणीवर चालणाऱ्या मंडळाने कोणाच्या दारी जावे?

याचा अर्थ परदेशी ते सारे त्याज्य, असा नव्हे. अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळाचे सभासद तेथेच राहतात. त्याने तेथील सर्व्हर निवडणे रास्तच आहे. सभासद जेथे राहतात, दाद जेथे मागता येते, तेथे माहिती असावी, हे सूत्र होय. भारतीय सर्व्हर घेतला तरी २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे उत्तरदायित्व संस्थेवर येतेच.

कार्यकर्त्यांनी एवढे तरी करावे : नावाची नोंदणी उत्साही तरुणाच्या नव्हे, संस्थेच्या नावे करावी, पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडे असावा, नूतनीकरणाची तारीख कार्यवृत्तात नोंदवावी, आणि संपूर्ण माहितीची प्रत दरमहा दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. सभासदांनी आपली नावे, पत्ते व दूरध्वनी क्रमांक विश्वासाने दिलेले असतात. ही ठेव आहे, आणि तिची किल्ली कोणाकडे आहे हे कार्यकारिणीला ठाऊक असलेच पाहिजे.