कोण आहे रे तिकडे?

परवा आईने तिचा आयफोन माझ्यापुढे धरला. "बघ रे, हे काय विचारतंय? हो म्हणू का?"

नवीन पंचांगाच्या ॲपला घरच्या नेटवर्कवरची उपकरणं शोधून त्यांच्याशी जोडून घ्यायची परवानगी हवी होती. आता पंचांगाचं आमच्या प्रिंटरशी काय काम?

घरातल्या वायफायवर यंत्रं एकमेकांना कशी शोधतात माहितीये? चाळीतल्यासारखी, गॅलरीत उभं राहून हाक मारून! १९८२ सालापासूनचं एआरपी घ्या. "१९२.१६८.१.५ कोण?" असं एकजण सगळ्यांना विचारतो आणि ज्याचा तो पत्ता असेल तो आपला हार्डवेअरचा पत्ता कळवतो. आयपीव्ही६ मध्ये सगळ्यांऐवजी एका गटालाच हाक जाते, एवढाच फरक. प्रिंटर आणि टीव्हीसाठी एमडीएनएस आहे. फोन २२४.०.०.२५१ वर विचारतो, "छापणारं कोणी आहे का?" आणि प्रिंटर बिचारा नाव-गाव सगळं सांगून मोकळा होतो. मध्ये सर्व्हर नाही की कसली यादी नाही. एकेकाळी प्रिंटरचे आकडे हाताने भरलेत मी, त्यामुळे मला याचं भारी कौतुक वाटतं.

पण गोम अशी, की 'ओ' देणारा खरा कोण हे यात कोणी तपासत नाही. एआरपीत खोटं उत्तर दिलं तरी तेच खरं धरलं जातं. आणि नुसतं ऐकत बसणाऱ्यालाही घरात कुठला टीव्ही आहे, कोणाचे फोन आहेत, हे कळतं. अशा यादीवरून घर ओळखता येतं हो! ॲपलने २०२० मध्ये, आयओएस १४ पासून, ॲपला आधी विचारायला लावलं. त्याआधी ती न विचारताच बघू शकत होती.

धाकटा भाऊ म्हणतो, लोक न वाचताच 'हो' दाबतात, मग विचारून उपयोग काय? मला नाही पटत. आईने विचारलंच की! माझं मत स्पष्ट आहे : टीव्हीवर फोटो दाखवणारं, छपाई करणारं ॲप असेल तर हो म्हणा. बाकी सगळ्यांना नाही.

आईने 'नाही' दाबलं. पंचांग व्यवस्थित चालू आहे, संकष्टीचा चंद्रोदयसुद्धा दिसतो. मामा, तुम्ही हे वाचताय ना? सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात लोकल नेटवर्क. तुमची यादी किती लांब आहे ते कळवा!