कचऱ्याच्या डब्याला कडी लावा

जून 2019. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात हेनरी हॅग लेक नावाचा तलाव आहे. तिथल्या बोटींच्या धक्क्यापाशी एक काळं अस्वल वरचेवर दिसायला लागलं. वयाने लहान, वजन जेमतेम पंचेचाळीस किलो. लोकांनी त्याच्यासाठी सुकामेवा, सूर्यफुलाच्या बिया, मक्याचा भरडा ठेवला आणि सेल्फी काढून पोस्ट केले. पोलिसांनी लांब राहा म्हणून बजावलंही होतं. काही दिवसांनी वन्यजीव खात्याची माणसं आली. अस्वल माणसांना फारच सरावलंय असं त्यांचं मत पडलं आणि त्यांनी त्याला गोळी घातली.

बातमी फुटल्यावर लोक खात्यावर भडकले. मला विचाराल तर गोळी खात्याने झाडली, पण ती भरून ठेवली होती सेल्फीवाल्यांनी. आपण रीलवर ‘सो क्यूट’ लिहितो ना, तेव्हा त्या अस्वलाचं पुढे काय होतं ते रीलमध्ये दिसत नाही.

काळ्या अस्वलाची बाजू समजायला फार डोकं लागत नाही. हिवाळ्यात ते गुहेत पडून राहतं, त्यामुळे शरद ऋतूत चरबी साठवायची घाई असते. त्या दिवसांत ते दिवसाला 20,000 कॅलरीपर्यंत खाऊ शकतं. आता एकेक बोर वेचत दिवसभर जंगल पालथं घालायचं, की गल्लीतला एक डबा आडवा करून पिझ्झाचे तुकडे, उरलेलं चिकन आणि मांजराचं खाणं एका बैठकीत संपवायचं? मेसला कंटाळलेल्या हॉस्टेलच्या पोराला शेजारच्या कार्यालयात फुकटचं लग्नाचं जेवण दिसलं तर तो काय करेल? तेच.

आणि ही सवय अस्वलांना लावली कुणी, तर सरकारनेच. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात एकेकाळी कचरा टाकून अस्वलांच्या पंगतीचा खेळ पर्यटकांना दाखवत. तो 1940 च्या सुमारास बंद झाला, पण माणसाच्या अन्नाची चटक राहिली. 1998 साली तिथे अस्वलांच्या उपद्रवाच्या दीड हजारांहून जास्त घटना नोंदल्या गेल्या. बहुतेक गाड्या फोडण्याच्या. गंमत म्हणजे अस्वलांना मिनीव्हॅन जास्त आवडत, असं नंतरच्या एका अभ्यासात निघालं. एक अंदाज असा, की पोरंबाळं घेऊन फिरणाऱ्या कुटुंबांच्या गाडीत सीटखाली खाऊ सांडलेला असतो!

पुढे योसेमिटीत तळांवर लोखंडी कपाटं बसवली, मुक्कामी ट्रेकर्सना अन्नासाठी बंद डबा सक्तीचा केला, दंड लावले, रात्रीच्या फेऱ्या सुरू केल्या. घटना नव्वद टक्क्यांहून जास्त घटल्या. आवर घातला तो माणसांना.

कोलोरॅडोतल्या ड्युरँगो गावात तर याचा रीतसर प्रयोगच झाला. काही वस्त्यांना अस्वलाला उघडता न येणारे अकराशेवर कचऱ्याचे डबे वाटले, काही वस्त्या होत्या तशा ठेवल्या. डबे मिळालेल्या भागात कचऱ्यावरून होणारा संघर्ष साठ टक्क्यांनी कमी झाला. फक्त एक अट. डबा नुसता असून भागत नाही, कडी लावावी लागते. ती लावायचाही लोकांना कंटाळा!

‘पकडून लांब सोडा ना’ हा उपाय सगळ्यांना आवडतो, कारण त्यात आपल्याला काहीच करावं लागत नाही. पण शंभरेक किलोमीटरवरूनही अस्वलं परत आल्याची उदाहरणं आहेत. नाही आलं तर ते नव्या गावाचा कचरा शोधतं. आपल्या जुन्नरने हे बिबट्यांच्या बाबतीत भोगलंय. पकडलेले बिबटे दुसरीकडे जंगलात नेऊन सोडले, आणि जिथे सोडले त्या भागात माणसांवरचे हल्ले वाढले, असं संशोधकांनी दाखवून दिलं. अर्थात बिबट्या आणि काळं अस्वल एका मापाने मोजू नये. ऊसतोड मजुराच्या पोराला बिबट्याची भीती आहे ती खरी आहे. काळ्या अस्वलांनी मात्र 1900 ते 2009 या काळात अख्ख्या उत्तर अमेरिकेत मारलेली माणसं 63. आमच्या बुलढाण्या-चंद्रपूरचं अस्वल हा वेगळा आणि जास्त तापट प्राणी, त्याची गोष्ट पुन्हा कधीतरी.

दुसरी ओरड शिकारीची. फ्लोरिडाने 2015 मध्ये शिकार खुली केली, दोन दिवसांत 304 अस्वलं मेली. शिकारी जातो जंगलात, आणि त्याला तिथे भेटतं ते बहुतेकदा जंगलात खाणारं अस्वल. कचऱ्याला चटावलेलं असतं गावात, जिथे बंदूक चालवता येत नाही. ज्या वर्षी जंगलात बोरं आणि ओकची फळं कमी धरतात त्या वर्षी गावात अस्वलं वाढतात, हे तिथल्या संशोधकांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय. तरी प्रत्येक तक्रारीनंतर मागणी पिंजऱ्याचीच.

माझा राग आहे तो दंडाच्या बाबतीत. अस्वलाला दुसऱ्या-तिसऱ्या चुकीला मृत्यू आणि डबा उघडा टाकणाऱ्याला बरेचदा नुसती समज. हे उलटं व्हायला हवं. पहिल्याच वेळी दणदणीत दंड हवा. ज्यांना महागडा डबा परवडत नाही त्यांना तो नगरपालिकेने द्यावा, कारण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याने शंभर-दोनशे डॉलर डब्यावर घालावेत ही अपेक्षा फाजील आहे.

तुमच्यातले काही जण एमएसला कोलोरॅडोत जाणार आहेत. बोल्डर शहरात ब्रॉडवे रस्त्याच्या पश्चिमेला खोली घेतलीत, तर तिथे असा डबा कायद्याने लागतो. घरमालकाला तो आधीच विचारा. आणि रात्री कचरा टाकून आलात की झाकण एकदा वर ओढून बघा. अर्धवट बसलेली कडी अस्वलाला उघडता येते.