शिक्षकांचा आरोग्यविमा व हप्त्याचा वांटा

सरकारी शाळांतील शिक्षकांनीं व इतर नोकरांनीं आपल्या आरोग्यविम्याच्या खर्चाचा कांहीं भार स्वतः उचलावा किंवा नाहीं, हा वाद अमेरिकेंत गेलीं कित्येक वर्षें चालू आहे. वरवर पाहतां हा परक्या देशांतील जमाखर्चाचा प्रश्न दिसतो. परंतु लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांनीं आपल्या नोकरांशीं कोणत्या न्यायानें वागावें, हा त्याच्या मुळाशीं असलेला प्रश्न सर्वत्र सारखाच आहे.

अमेरिकेंत कामकरी वयाच्या बहुसंख्य लोकांचा विमा नोकरीशीं जोडलेला असतो, आणि शाळांच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ताकरांतून निघतो. न्यू जर्सी राज्यांत हा कर विशेष जड आहे. त्यामुळें विम्याचा हप्ता चढला कीं त्याची झळ घरमालकास व दुकानदारास लागल्यावांचून राहत नाहीं. ज्या दुकानदारास स्वतःच्या कुटुंबाचा विमा स्वतःच्या गल्ल्यांतून भरावा लागतो, त्यानें शिक्षकाचाही सगळा हप्ता आपणच कां भरावा असें विचारलें, तर त्यास स्वार्थी म्हणतां येणार नाहीं.

उलट पक्षीं शिक्षकांचें म्हणणेंही पोकळ नाहीं. विमा ही देणगी नसून तो वेतनाचाच एक भाग आहे. त्याच्या भरंवशावर आम्हीं कमी पगार पत्करला, असें ते म्हणतात. हें खरें असल्यामुळें एकाएकीं लादलेला वांटा ही वेतनकपातच होय. तथापि एकदां झालेला करार कधींच बदलूं नये, असें मात्र यावरून सिद्ध होत नाहीं. नोकरांनीं वांटा द्यावा, हेंच आमचें मत आहे. खरा वाद तो कशाच्या मानानें द्यावा व कोणत्या रीतीनें ठरवावा, याविषयींचा आहे.

या बाबतींत न्यू जर्सीचा अनुभव बोधप्रद आहे. २०१० सालीं तेथें पगाराच्या दीड टक्का वर्गणी सक्तीची झाली. २०११ च्या कायद्यानें पगाराच्या श्रेणीप्रमाणें हप्त्याच्या ३ पासून ३५ टक्क्यांपर्यंत वांटा चार वर्षांत क्रमाक्रमानें बसविला. श्रीमंतानें अधिक व गरिबानें कमी द्यावें, हें तत्त्व त्यांत होतें. पण वांटा मोजला जाई हप्त्यावर. समजा, पगार दोन टक्क्यांनीं वाढला व हप्ता आठ टक्क्यांनीं. तर वांटाही आठ टक्क्यांनीं वाढतो, आणि वरची श्रेणी लागली तर त्याहूनही अधिक. अशा रीतीनें मिळालेली बढती विम्यांतच गडप होते. पुन्हा, हप्ता कां वाढला? इस्पितळांचे व औषधांचे दर चढले म्हणून. ते दर उतरविणें शिक्षकाच्या हातीं नाहीं. जें ज्याच्या हातीं नाहीं त्याचा दंड त्याजकडून घेणें, यास काटकसर म्हणतां येत नाहीं.

२०२० सालीं त्याच राज्यानें शाळांतील नोकरांसाठीं नवी योजना आणून वर्गणी पगाराच्या टक्केवारीवर बांधून दिली. ही सुधारणा आम्हांस योग्य वाटते. मात्र तिचें उणें झांकणेंही बरें नव्हे. हप्ता पगारापेक्षां जलद वाढला, तर वरचा सर्व बोजा शाळामंडळावर, म्हणजे पुन्हा करदात्यावरच पडतो. म्हणून वर्गणीचा न्याय लावणाऱ्या सरकारनें इस्पितळांचे दर व विमा कंपन्यांचे हिशेबही तितक्याच कडकपणें तपासले पाहिजेत. तसें न केल्यास शिक्षक व करदाता आपसांत भांडत राहतील, आणि दर वाढविणारे निर्धास्त बसतील.

रीतीविषयीं दोन उदाहरणें पुरेशीं आहेत. विस्कॉन्सिन राज्यानें २०११ सालीं सरकारी नोकरांवर विम्याचा व निवृत्तिवेतनाचा वांटा बसविला, व त्याच कायद्यानें शिक्षकांसह बहुतेकांचा मूळ वेतनाखेरीज इतर बाबींवर सामुदायिक वाटाघाट करण्याचा हक्क काढून घेतला. पोलिस व अग्निशामक मात्र त्यांतून वगळले. शाळामंडळांस यामुळें विम्याची कंपनी बदलून पैसा वांचविण्याची मोकळीक मिळाली, हें कबूल केलें पाहिजे. परंतु पैसा वांचविण्यासाठीं बोलण्याचा हक्क हिरावण्याचें प्रयोजन काय? वेस्ट व्हर्जिनियांत २०१८ च्या फेब्रुवारींत अल्प वेतनाबरोबरच विम्याच्या वाढत्या खर्चानें संतापलेल्या शिक्षकांनीं संप केला. सर्व ५५ परगण्यांतील शाळा बंद पडल्या. शेवटीं पांच टक्के पगारवाढ झाली व विम्याचा प्रश्न समितीकडे गेला. जी गोष्ट आधीं एका मेजाभोंवतीं बसून ठरली असती, तिच्यासाठीं मुलांचा अभ्यास बुडाला.

आमच्या व्यापारी वाचकांस हें तत्त्व नवें नाहीं. १९४८ च्या कायद्यांतून निघालेल्या आपल्या कर्मचारी राज्य विमा योजनेंत २०१९ सालीं कामगाराची वर्गणी वेतनाच्या ०.७५ टक्का व मालकाची ३.२५ टक्के ठरली. म्हणजे दोघेही देतात, पण वेतनाच्या मानानें. शिक्षकांच्या बाबतींतही हाच मार्ग आम्हांस रास्त दिसतो. वांटा सर्वांनीं द्यावा, पगाराच्या ऐपतीप्रमाणें द्यावा, हळूहळू बसवावा, आणि ज्यानें द्यावयाचा त्यास विचारून ठरवावा. यांतील एकही गोष्ट वगळली तर खजिन्यांत चार पैसे वांचतीलही. पण मुलांस शिकविणाऱ्याचें मन शाळेंतून उठेल, आणि तें नुकसान कोणत्याही अंदाजपत्रकांत दिसणार नाहीं.