पाटीभर टोमॅटो

वाचकहो, हा दिवाळी अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा पालघर तालुक्यातल्या माकुणसारला भातकापणी आटोपत आलेली असेल आणि वाड्यांमध्ये टोमॅटोच्या रोपांची लावणी चालू असेल. हे वेळापत्रक पावसाने ठरवून दिलेलं आहे. आपल्या किनारपट्टीवर चार महिने असा पाऊस कोसळतो की टोमॅटोची मुळं कुजतात, पानांवर करपा चढतो. त्यामुळे इथला माल उतरतो तो जानेवारीच्या पुढे. आणि नेमकं तेव्हाच उरलेल्या महाराष्ट्रातला आणि गुजरातेतला टोमॅटोही बाजारात लोटलेला असतो.

२०२३ चा जुलै आठवा. मुंबईत टोमॅटो किलोला २०० रुपयांच्या घरात गेला होता. केंद्राने नाफेडमार्फत स्वस्त टोमॅटो विकायला काढला, ऑगस्टमध्ये नेपाळहून मागवला. आणि सप्टेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला किलोमागे तीन ते पाच रुपये मिळू लागले, तेव्हा त्याने तो रस्त्यावर ओतला. ज्याच्याकडे पाच-सहा एकर, ठिबक, तार-बांबूचा मांडव आणि टप्प्याटप्प्याने लावण करण्याची ऐपत आहे, त्याला एखाद्या तोड्याला तरी तेजी गाठता येते. दहा गुंठ्यांच्या वाडीत एकच लावण, एकच हंगाम. तिथे तो जुलै कधीच उगवत नाही. शिवाय टोमॅटो काही कांदा नव्हे, की चाळीत भरून भावाची वाट बघावी. पिकला की चार दिवसांत विकलाच पाहिजे.

रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या एका अभ्यासानुसार, गिऱ्हाइकाने टोमॅटोसाठी मोजलेल्या रुपयातले सुमारे ३३ पैसेच शेतकऱ्याला मिळतात. हा आकडा वाचला आणि मला सफाळे, केळवे रोडच्या फलाटांवर पहाटे पाट्या घेऊन उभ्या असलेल्या बाया आठवल्या. आपल्या वाडीतला माल स्वतः शहरात नेऊन विकणारीच्या हातात अख्खा रुपया पडतो. त्यासाठी ती झोप मोडते, गर्दीत पाटी सांभाळते आणि फुटपाथवर कोणी उठवेल या धास्तीने बसते. लहान शेतकऱ्याला तारणारी वाट माझ्या मते हीच आहे, आणि तिच्याकडे कोणाचंही लक्ष नाही. २०१८ च्या अर्थसंकल्पात टोमॅटो, कांदा, बटाट्यासाठी ५०० कोटींची ‘ऑपरेशन ग्रीन्स’ योजना जाहीर झाली. तिच्यात प्रक्रिया उद्योग, साठवण, वाहतूक सगळं आलं; पाटीला बसायला ओटा मात्र आला नाही.

तारापूरच्या कारखान्यांमुळे बोईसरला गिऱ्हाइकाची वाण नाही. पालघर-बोईसरच्या बाजारांत आपल्या तालुक्यातल्या शेतकऱ्यांसाठी राखीव ओटे मिळाले, तर निम्म्या पाट्यांना मुंबईची गाडी धरावी लागणार नाही. त्यासाठी आपण सर्वांनी आग्रह धरू या.

ओटे होतील तेव्हा होतील. येत्या फेब्रुवारीत टोमॅटो मातीमोल झालेला असेल. तेव्हा एखाद्या मावशीच्या पाटीपुढे थांबलात, तर ती सांगेल तो भाव द्या आणि किलोभर जास्त घ्या.