साप धरता येतो, पण धरू नका

नव्या कोर्सच्या मुलांना सोडायला पालक येतात, त्या दिवशी एका आईने मला जरा बाजूला घेऊन विचारलं, "इथे साप फार आहेत म्हणतात. खरं का हो?" पहाटेची पी.टी., पायाला येणारे फोड, पाठीवरचं ओझं, यांतलं काहीच त्यांनी विचारलं नाही. मी म्हटलं, "आहेत." खोटं सांगून उपयोग नव्हता. गिंडीचं जंगल शहराच्या मध्यात आहे, पल्लिकरणैची दलदल फार लांब नाही, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्य मोसमी पाऊस लागला की बिळांत पाणी शिरतं. बिळातला उंदीर कोरडी जागा शोधत माणसांच्या वस्तीकडे येतो आणि त्याच्यामागून साप येतो.

त्या आईंना एक गोष्ट मात्र मी सांगितली नाही. मला सापांची काळजी कमी वाटते. साप धरता येणाऱ्या मुलांची जास्त वाटते. आणि तशी मुलं बहुतेक आपल्याच महाराष्ट्रातून येतात.

नोव्हेंबरातली गोष्ट. दिवसभर पाऊस होता. रात्री जेवणानंतर बाथरूमच्या मागच्या गटाराजवळ आरडाओरडा झाला. मी पोहोचेपर्यंत वीसेक मुलांचं कडं झालं होतं, चार-पाच मोबाइलचे दिवे लागले होते आणि मध्ये सांगली जिल्ह्यातला एक कॅडेट हातात साप घेऊन उभा होता. धामण होती, चांगली सहा फुटांची. त्याने शेपटी धरली होती आणि काठीने तोंडाकडचा भाग लांब ठेवला होता. काम सफाईने केलं होतं, हे कबूल करायला हवं. गटाराच्या पलीकडच्या झाडीत ती त्याला सोडायला लावली, सगळ्यांना आत पाठवलं आणि मग त्याची हजेरी घेतली. तो म्हणाला, "सर, गावाकडे असे पन्नास धरलेत. आणि मी मारली नाही ना? इतर मुलं मारायलाच निघाली होती."

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. त्याने त्या रात्री एका बिनविषारी सापाचा जीव वाचवला. तरीही मी रागावलो, आणि का रागावलो ते मला त्याला धड सांगता आलं नाही. म्हणून हे लिहितो आहे.

पहिली गोष्ट ओळखण्याची. ती धामण आहे हे त्याला कसं कळलं? दिवे डोळ्यांवर, पाऊस चालू, साप अर्धा गटारात. तो म्हणाला, "दिसतेच की, सर." धामण दिसतेही, पण सगळेच साप इतके भले नसतात. कवड्या हा बिनविषारी साप पाली खायला घरात येतो, भिंतीवरही चढतो. मण्यार अतिशय विषारी. दोघांच्याही काळपट अंगावर पांढरे आडवे पट्टे असतात. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे मानेच्या बरेच मागून सुरू होतात आणि शेपटीपर्यंत ठळक राहतात. इथे वाचताना हे सोपं वाटतं. रात्री साडेनऊला, मागून वीस जण "धर, धर" म्हणत असताना ते पाहून पाहा. डुरक्या घोणस आणि खरी घोणस यांचंही तसंच. बिनविषारी समजून विषारी साप धरल्यामुळे जीव गमावलेले सर्पमित्र महाराष्ट्रात झाले आहेत, आणि त्यांतले काही वर्षानुवर्षं साप धरणारे होते. पन्नास साप धरल्याने एक्कावन्नावा ओळखता येतोच असं नाही.

आता सापाच्या वागण्याविषयी मुलं जे प्रश्न विचारतात त्यांकडे येतो, कारण चुकीची कृती बहुधा चुकीच्या समजुतीतून होते. साप माणसाचा पाठलाग करतो का? नाही. पण तुम्ही त्याच्या आणि त्याच्या बिळाच्या मध्ये उभे असाल तर तो तुमच्याच दिशेने पळतो, आणि पळणारा साप अंगावर येणाऱ्या सापासारखाच दिसतो. तो डूख धरतो का? आपल्या भाषेत हा शब्द इतका पक्का बसला आहे की माणसांनाही आपण तो लावतो, पण सापाला माणसाचा चेहरा लक्षात ठेवून सूड घेता येत नाही. दूध पितो का? पीत नाही, बरेच दिवस तहानलेला ठेवलेला साप समोर येईल तो द्रव पितो, एवढंच. नाग फणा का काढतो? मानेच्या बरगड्या पसरून तो स्वतःला मोठा करून दाखवतो. तो इशारा असतो, आणि इशारा देणारा बहुतेक वेळा लढाई टाळू पाहत असतो. संत्रीच्या 'थम' या शब्दासारखंच ते आहे. त्या शब्दानंतर पुढे पाऊल टाकणाऱ्याला आपण शूर म्हणत नाही.

घोणस मात्र हा शिष्टाचार नेहमी पाळत नाही. डिवचली तर कुकरची शिट्टी व्हावी तशी फुत्कारते, पण एरवी पाचोळ्यात गुंडाळी करून गप्प पडून राहते. तिचा भरवसा आपल्या रंगावर असतो. म्हणून तिच्यावर पाय पडतो. तमिळमध्ये तिला 'कण्णाडी विरियन' म्हणतात. कण्णाडी म्हणजे आरसा किंवा काच. (नागाला 'नल्ल पाम्बु', म्हणजे चांगला साप. आपण नागोबा म्हणतो, तसंच.) मण्यारीची तऱ्हा आणखी वेगळी. ती रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येते आणि तिचा दंश इतका बारीक असतो की पुष्कळदा माणूस जागाही होत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या मिटायला लागतात, जीभ जड होते. रात्रीच्या एक्सरसाइझला मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचा असं आम्ही कंठशोष करून सांगतो, ते फक्त डासांसाठी नसतं.

मारणाऱ्यांविषयीही लिहायला हवं, नाहीतर धरणाऱ्यांवर अन्याय होईल. मारणं कायद्याने गुन्हा आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मारायला गेलेल्या माणसालाच साप चावतो, कारण काठीच्या टप्प्यात यायला त्याला सापाच्या टप्प्याजवळ जावं लागतं. आणि तोडलेलं डोकंही काही वेळ चावू शकतं. मेलेल्या सापासोबत फोटो काढताना हे कुणाच्या ध्यानात नसतं.

कुणी म्हणेल, साप ओळखणं, धरणं जमायला नको का, डॉक्टरांना दाखवायला? नको. भारतात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर एकत्रच काम करतं. डॉक्टर लक्षणं पाहतात. रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटं ठेवून ते गोठतं का हे तपासतात. साप पिशवीत घालून एम.आय. रूमला नेलात तर तिथे रुग्ण एकाऐवजी दोन होण्याची शक्यता तेवढी वाढते. दंश झाला तर आवळपट्टी नाही, चिरा नाही, चोखणं नाही. अंगठी, घड्याळ, बूट काढा. हाड मोडल्यावर बांधतो तसा हात किंवा पाय हलणार नाही असा ठेवा, आणि रुग्णाला चालवू नका, उचलून न्या. स्ट्रेचर ड्रिल तुम्हाला येतं. सापाच्या पुष्कळ दंशांत विष उतरतच नाही. अशा वेळी मंत्र घालणाऱ्याचं आणि मुळी उगाळणाऱ्याचं नाव होतं. त्याच नावावर विसंबून पुढचा माणूस दवाखान्यात उशिरा पोहोचतो.

हा किरकोळ विषय नाही. सन २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशाने गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये यासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचं उद्दिष्ट त्यात आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात तमिळनाडूने सर्पदंश हा सरकारला कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांत घातला.

त्या सांगलीच्या मुलाने मग विचारलं होतं, "मग साप कुणीच धरायचे नाहीत का?" याचं उत्तर इथून तासाभराच्या वाटेवर आहे. ईस्ट कोस्ट रोडने महाबलीपुरमकडे जाताना वडनेम्मेली लागतं. तिथे इरुळा लोकांची साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था आहे, १९७८ पासूनची. इरुळांचा पिढीजात उद्योग साप धरण्याचा. पूर्वी कातड्यांसाठी धरत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तो धंदा बसला आणि ही माणसं उघड्यावर पडली. रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने ही संस्था उभी राहिली, तेव्हा तेच कसब उलट्या कामाला लागलं. परवाना घेऊन ठरलेल्या संख्येत साप आणायचे, काही आठवडे ठेवून विष काढायचं, पोटाच्या खवल्यावर खूण करायची आणि परत सोडून द्यायचे. देशातल्या प्रतिविषासाठी लागणाऱ्या विषाचा मोठा हिस्सा इथून जातो. म्हणजे तुमच्या सांगली-साताऱ्यात कुणाला घोणस चावली तर त्याच्या शिरेत जे औषध जातं, त्याच्या मुळाशी बहुधा वडनेम्मेलीच्या कुणा इरुळाचा हात असतो.

त्यांच्यातले मासी सडैयन आणि वडिवेल गोपाल यांना २०१७ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाला बोलावलं होतं. तिथे माणसांनी पाळून सोडलेल्या बर्मी अजगरांनी जंगल पोखरून टाकलं आहे. या दोघांनी पहिल्या आठ दिवसांत १३ अजगर काढले, त्यांतले काही एका बंद पडलेल्या क्षेपणास्त्र तळावर. तुम्हाला या दोघांच्या धैर्याचं कौतुक वाटेल. मला त्यांच्या पद्धतीचं जास्त वाटतं. ते पायी हिंडत, जमिनीकडे बघत: घासटल्याच्या खुणा, विष्ठा, कात, ऊन कुठे पडतं, गवत कुठे दबलं आहे. फील्डक्राफ्टच्या तासाला आम्ही जे शिकवतो आणि तुम्ही अर्धवट झोपेत ऐकता, तेच. २०२३ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली.

आता आपल्याकडचे मोबाइलवरचे सर्पमित्र आठवा: नागाच्या फण्याची पापी घेणारे, गळ्यात घोणस घालणारे. सगळे तसे नाहीत. गावोगावी पदरमोड करून, रात्री-अपरात्री दुचाकी काढून जाणारे आणि बरणी घेऊन मुकाट परतणारे खूप आहेत, आणि लोकांच्या मनातून मारायची सवय घालवण्याचं काम त्यांनीच केलं. पण मुलं पाहतात ती पापी घेणाऱ्यांना. आमच्या सांगलीकराने धामण धरली ती वाचवण्यासाठी, हे मला मान्य आहे. मग ती लगेच सोडली का नाही? चार मिनिटं हातात धरून तो उभा होता, कारण फोटो चालू होते.

शेवटचा मुद्दा तुमच्या पुढच्या पोस्टिंगचा. हे चार साप आणि त्यांच्यावरचं प्रतिविष, एवढ्यावर सगळा देश भागत नाही. पश्चिम घाटातला चापडा, ईशान्येकडची मण्यारीची आणि नागाची वेगळी भावंडं, यांच्यावर ते नीट चालतंच असं नाही. एखाद्या चौकीवरून दवाखाना सहा तासांवर असेल. तिथे तुमच्या हाताखाली तीस जवान असतील, आणि सापाभोवती कडं झालं की ते तुमच्याकडे बघतील. तुम्ही पुढे होऊन धरलात तर पुढच्या वेळी त्यांच्यातला एक जण धरेल, ज्याने गावाकडे एकही धरलेला नसेल. तुम्ही म्हणालात, "चार पावलं मागे, दिवा त्याच्यावर ठेवा, त्याच्या वाटेतून बाजूला व्हा, वन खात्याला कळवा," तर तेही शिकतील. मदत येणार नसेल तर दार उघडं टाका आणि वाट बघा. सापाला तुमच्या खोलीत राहायचं नसतं.

त्या कॅडेटला मी शिक्षा दिली नाही. पुढच्या रविवारी बाथरूममागची सफाई त्याच्याकडे दिली. मेसमधून आणलेल्या पावाचे तुकडे, बिस्किटांची पाकिटं आणि उंदरांची तीन बिळं एवढं निघालं. सामान साफ झालं, बिळं बुजवली. संध्याकाळी तो सांगायला आला की गटाराच्या कडेला धामणीची कात सापडली आहे, हात न लावता तशीच ठेवली आहे, बघायला येता का. मी गेलो.